काचेतली आठवण आणि तिची किल्ली

आमचं घराणं मणियाराचं. अब्बा आठवड्याच्या बाजाराला बांगड्या घेऊन जायचे. सायकलच्या कॅरिअरवर लाकडी पेटी, पेटीत सुतळीत ओवलेल्या बांगड्यांचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांच्या मधल्या जागेत दाबून भरलेलं गवत. रस्त्यात खड्डा आला की अब्बा सायकलवरून उतरायचे आणि पेटीला हात लावून चालायचे. एखाद्या बाईच्या हातात भरताना बांगडी पिचली, तर ‘फुटली’ असं त्यांनी कधी म्हटलं नाही. ‘वाढवली’ म्हणायचं, असं त्यांनी मलाही शिकवलं होतं. फुटणं हा शब्दसुद्धा काचेच्या आसपास फिरकू द्यायचा नाही, इतकी त्या धंद्याला त्याची धास्ती.

त्यामुळं काच म्हणजे फुटणारी वस्तू, ही माझी लहानपणापासूनची पक्की समजूत. म्हणून इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात नाण्याएवढ्या काचेच्या चकतीत अख्खे ग्रंथ लिहून ठेवले आहेत आणि ते अब्जावधी वर्षं टिकतील असा तिथल्या शास्त्रज्ञांचा हिशेब आहे, असं वाचलं तेव्हा मला आधी हसू आलं. मग जरा वाईटही वाटलं. त्याला कारण होतं.

माझ्या घरात एक कॅसेट आहे. ऐंशीच्या दशकात मामांनी टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा अम्मा जात्यावर बसून जे गायची ते आम्ही त्यात भरून घेतलं होतं. तिच्या गाण्यात दखनी चक्कीनामा आणि मराठी ओवी एकमेकांत सहज मिसळायची. अम्मा गेली. कॅसेट कपाटात राहिली. पुष्कळ वर्षांनी लावली, तर फीत चिकटली होती आणि यंत्रातून नुसती घरघर येत होती. त्याच कपाटात माझ्या नव्वदच्या दशकातल्या कवितांच्या अकरा फ्लॉपी आहेत. त्यातल्या काही मोठ्या खटपटीनं उघडल्या. मजकूर सगळा शाबूत होता, पण वाचता मात्र येईना. ज्या फॉन्टात मी त्या कविता टाईप केल्या होत्या, तो फॉन्ट आजच्या संगणकावर नाही. ‘क’च्या जागी चौकोन, वेलांटीच्या जागी डॉलरचं चिन्ह. माझ्याच कविता माझ्याकडं परक्यासारख्या बघत होत्या.

म्हणजे माझ्या एकाच कपाटात आठवण हरवण्याचे दोन प्रकार शेजारी शेजारी ठेवलेले होते. एकात वस्तू खराब झाली. दुसऱ्यात वस्तू धड राहिली, पण वाचण्याची रीत हरवली. आजचं बोलणं या दोन प्रकारांविषयी आहे, काचेविषयी आहे आणि काचेत काम करणाऱ्या कलावंतांविषयीही आहे.

हे दुखणं माझ्या एकट्याच्या कपाटातलं नाही. इंग्लंडच्या विल्यम राजानं १०८६ साली आपल्या राज्यातल्या जमिनीजुमल्याची, गुराढोरांची नोंद करून घेतली. त्या दफ्तराला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात. कातड्यावर शाईनं लिहिलेलं ते पुस्तक आजही लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि लॅटिन येणाऱ्याला ते वाचता येतं. त्याला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ साली बीबीसीनं नवं डूम्सडे बुक तयार केलं. शाळाशाळांतल्या मुलांनी आपापल्या गावाची माहिती लिहून पाठवली, फोटो पाठवले. ते सगळं त्या काळच्या अत्याधुनिक लेसर डिस्कवर भरलं. पंधरा-सोळा वर्षांत अशी वेळ आली की डिस्क आहे, पण ती वाचणारं यंत्र मिळेना. संशोधकांना खास खटपट करून ती माहिती सोडवून घ्यावी लागली. नऊशे वर्षांचं कातडं वाचता येत होतं आणि सोळा वर्षांची डिस्क अडून बसली होती.

संगणकाची हार्ड डिस्क काही वर्षं चालते. चुंबकीय फिती तिच्याहून जास्त टिकतात, पण त्याही ठरावीक काळानं नव्या फितींवर उतरवून घ्याव्या लागतात. मोठमोठ्या संस्थांचं हे काम न संपणारं आहे. जुन्या गोधडीला ठिगळ लावून होतं न होतं तोच दुसरीकडं उसवतं, तसं. म्हणून शास्त्रज्ञ एकदा लिहिलं की पुन्हा हात लावावा लागणार नाही, असं काहीतरी शोधत होते. शोधता शोधता ते काचेपाशी आले.

आता काचेची बाजू थोडी नीट समजून घेऊ. काच ठोकरीला नाजूक, पण काळाला फार चिवट. ती गंजत नाही, तिला वाळवी लागत नाही, चुंबकाचा तिच्यावर परिणाम होत नाही. जुन्या चर्चमधल्या खिडक्यांची काच खालच्या बाजूला जाड असते, कारण काच हळूहळू ओघळते, असं आपल्याला शाळेत कुणीतरी सांगितलेलं असतं. ते खरं नाही. त्या काळी काचेचा पत्रा सगळीकडं सारख्या जाडीचा बनवताच येत नसे, हे त्याचं कारण. काच जागच्या जागी राहते. आणि जी जागची हलत नाही, तिच्यावर निरोप ठेवावा हे माणसाला फार पूर्वीच सुचलं होतं.

फ्रान्समधल्या शार्त्र इथल्या कॅथीड्रलच्या रंगीत खिडक्या घ्या. त्यातल्या बहुतेक तेराव्या शतकातल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी त्यात धर्मकथा चितारल्या आहेत आणि कित्येक खिडक्यांच्या तळाशी पाव भाजणारे, चांभार, सुतार अशी कामकरी माणसंही दिसतात. काच ओतताना तिच्यात धातूंचे क्षार मिसळून रंग आणायचा. कोबाल्टनं निळा, तांब्यानं हिरवा किंवा लाल. १९३९ साली दुसरं महायुद्ध तोंडावर आलं, तेव्हा त्या खिडक्या उतरवून सुरक्षित जागी हलवल्या आणि पुढं परत बसवल्या. म्हणून त्या वाचल्या. पण गंमत बघा. यातल्या पुष्कळ खिडक्या खालून वर वाचायच्या असतात. त्या काळच्या शेतकऱ्याला ते कुणी सांगावं लागत नसेल. आज तिथं जाणाऱ्या पदवीधराला मात्र वाटाड्या लागतो. खिडकी आहे, उजेड आहे, चित्र आहे, पण वाचायची रीत तेवढी मागं राहिली.

दुसरं उदाहरण माझ्या मनाच्या जवळचं. तेराव्या-चौदाव्या शतकात इजिप्त आणि सीरियामध्ये मामलूक सुलतानांच्या राज्यात मशिदींसाठी काचेचे दिवे बनत. फुलदाणीसारखा आकार, साखळ्यांनी टांगलेले. त्यांच्यावर रंगीत मिन्यानं आणि सोन्यानं अक्षरं लिहीत. कुराणात जिथं ईश्वराच्या प्रकाशाला काचेतल्या दिव्याची उपमा दिली आहे, तीच आयत पुष्कळदा त्या दिव्यावर असे. दिवसा ती नक्षी वाटायची. रात्री आत तेलाची वात लावली की अक्षरं उजळायची. कैरो, लंडन, न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत असे दिवे आजही आहेत, विझलेले. काचेतलं लिहिणं वाचायचं तर त्यातून प्रकाश जावा लागतो, हे त्या कारागिरांना चांगलं ठाऊक होतं. आजचा शास्त्रज्ञ तेच करतो, फक्त त्याची वात वेगळी आहे.

तिसरं उदाहरण सगळ्यांत जुनं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन पेला आहे. त्याला लायकर्गसचा पेला म्हणतात. समोरून उजेड पडला तर तो हिरवा दिसतो आणि आत किंवा मागं दिवा ठेवला तर लालभडक. पुढं तपासणी झाली तेव्हा कळलं की काचेत सोन्या-चांदीचे इतके बारीक कण आहेत की साध्या सूक्ष्मदर्शकालाही ते दिसणार नाहीत. त्या कणांमुळं प्रकाश कुठून येतो त्यावर रंग ठरतो. म्हणजे एकाच पेल्यात दोन पेले. उजेडाची दिशा बदला, दुसरा दिसेल. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, कारण नव्या काचेचं सगळं मर्म त्यातच आहे.

आता त्या नव्या काचेकडं येऊ. १९९९ साली पीटर काझान्स्की आणि त्यांचे जपानमधल्या क्योटोचे सहकारी यांना असं दिसलं की अतिशय कमी वेळाच्या लेसर झोताचा काचेवर पडणारा ठसा विचित्र वागतो. एका दिशेनं बघितलं तर एक, दुसऱ्या दिशेनं बघितलं तर दुसरं. २००३ साली त्याचं कारण उघड झालं. लेसरनं काचेच्या आत बारीक बारीक समांतर पापुद्रे तयार केले होते. कंगव्याचे दात असावेत तसे, पण एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान.

हा लेसर किती कमी वेळ लागतो? एका सेकंदाचे एक अब्ज भाग करा. त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करा. अशा एका भागाला फेम्टोसेकंद म्हणतात. अशा काहीशे फेम्टोसेकंदांचा एक झोत. इतका कमी वेळ की आजूबाजूच्या काचेला ताप कळायच्या आत काम उरकलेलं असतं. म्हणून काच तडकत नाही. वरून हात फिरवला तर गुळगुळीत लागते. जे काही लिहिलं आहे ते पोटात.

या पद्धतीला ‘पाच मितींची साठवण’ असं नाव आहे. नाव ऐकून दचकायचं कारण नाही. काचेच्या आत एक ठिपका आहे. तो डावी-उजवीकडं कुठं आहे, पुढं-मागं कुठं आहे आणि किती खोल आहे, या झाल्या तीन मिती. आता त्या ठिपक्यातल्या कंगव्याचे दात कोणत्या दिशेला आहेत, ही चौथी. आणि तो कंगवा प्रकाशावर किती जोरात परिणाम करतो, ही पाचवी. समजा आपण चार दिशा आणि दोन जोर ठरवले, तर एका ठिपक्याची आठ रूपं होतात. एका ठिपक्यात आठ वेगवेगळ्या खुणा. साध्या सीडीवर खड्डा आहे किंवा नाही, एवढंच असतं.

पण दात कुठल्या दिशेला आहेत हे बघायचं कसं? दोरीवरच्या उड्या आठवा. दोरीचं एक टोक खिडकीच्या उभ्या गजांतून पलीकडं बांधलं आणि दोरी वर-खाली हलवली, तर लाट गजांतून पार जाते. तीच दोरी आडवी हलवली, तर लाट गजांवर अडते. प्रकाशाच्या लाटेचंही काहीसं तसंच आहे. एका ठरावीक दिशेनं हलणारा प्रकाश काचेतून सोडायचा. त्या बारीक कंगव्यातून जाताना त्याची चाल बदलते. ती किती आणि कशी बदलली हे पलीकडं सूक्ष्मदर्शक आणि खास गाळणी ठेवून मोजायचं. उन्हात लावायच्या पोलरॉइड चष्म्यात असते, त्याच जातीची ही गाळणी. म्हणजे वाचायला पुन्हा प्रकाशच लागतो. मामलूकांचा दिवा आठवला की नाही?

सुरुवातीच्या एका प्रयोगात या मंडळींनी काचेच्या एकाच तुकड्यात, एकाच जागी दोन चित्रं ठेवली. एक न्यूटनचं, एक मॅक्सवेलचं. दातांच्या दिशेनुसार बघितलं तर एक शास्त्रज्ञ दिसतो, परिणामाच्या जोरानुसार बघितलं तर दुसरा. जागा एक, चेहरे दोन. लायकर्गसच्या पेल्याचा हा थेट नातू म्हणायला हरकत नाही. प्रयोगशाळेतल्या लोकांनाही आपलं तंत्र दाखवायला आकडे न घेता चेहरे घ्यावेसे वाटले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

२०१३ साली त्यांनी या पद्धतीनं एक लहानशी मजकुराची फाईल काचेत लिहून परत वाचून दाखवली. २०१६ सालापर्यंत मानवी हक्कांचा जाहीरनामा, न्यूटनचं प्रकाशावरचं पुस्तक, मॅग्ना कार्टा आणि बायबल अशा चकत्या तयार झाल्या. शास्त्रज्ञांच्या हिशेबानं अशा एका चकतीत ३६० टेराबाइटपर्यंत माहिती मावू शकते. ती एक हजार अंश सेल्सिअसपर्यंतचा ताप सोसते आणि १९० अंशांच्या उष्णतेतही १३.८ अब्ज वर्षं टिकावी. हे विश्वाचं आजवरचं वय. इतकी वर्षं थांबून खातरजमा कोण करणार, हा प्रश्न वेगळा. २०१८ साली एलॉन मस्क यांच्या कंपनीनं रॉकेटबरोबर एक मोटार अंतराळात सोडली, तिच्यात अशाच एका काचेत आयझॅक असिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’ कादंबरीत्रयी होती. माणसाचं ज्ञान नष्ट होऊ नये म्हणून धडपडणाऱ्यांची ती गोष्ट आहे. निवड अचूक होती.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचंही काचेवर काम चालू झालं. २०१९ साली त्यांनी वॉर्नर ब्रदर्ससाठी १९७८चा ‘सुपरमॅन’ हा चित्रपट साडेसात सेंटिमीटर लांब-रुंद आणि दोन मिलिमीटर जाड काचेत साठवून दाखवला. ७५.६ गिगाबाइट. ती काच त्यांनी भट्टीत भाजली, पाण्यात उकळली, मायक्रोवेव्हमध्ये घातली, तारेच्या काथ्यानं घासली. माहिती जशीच्या तशी.

हा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना एक प्रसंग आठवेल. सुपरमॅन बर्फाळ प्रदेशातल्या स्फटिकांच्या महालात जातो. एक स्फटिक जागेवर बसवतो. आणि त्याचे वडील, जे केव्हाच गेले आहेत, समोर येऊन त्याच्याशी बोलू लागतात. कलेनं ही कल्पना आधी केली आणि चाळीस वर्षांनी शास्त्रज्ञांनी तोच चित्रपट काचेत घालून तिला सलाम केला. तो प्रसंग वाचताना-पाहताना मला मात्र दरवेळी अम्माची कॅसेट आठवते. स्फटिक जागेवर बसवला की गेलेलं माणूस बोलू लागतं. माझ्याकडं बसवायला स्फटिक नव्हता.

या तंत्राची भावकी कलावंतांच्या हातीही आली आहे. तुम्ही भेटवस्तूंच्या दुकानात काचेचा ठोकळा पाहिला असेल, ज्याच्या आत ताजमहाल किंवा एखादा चेहरा तरंगत असतो. काच बाहेरून अखंड, मग आत चित्र गेलं कसं? लेसरचा झोत काचेच्या आत एका बिंदूवर एकवटायचा. तिथं सुईच्या टोकाहून लहान तडा पडतो. असे हजारो तडे मिळून चित्र होतं. साठवणुकीच्या काचेत तडा पडू देत नाहीत, इथं तडा हीच शाई. बाथशेबा ग्रॉसमन या अमेरिकी शिल्पकार बाईंनी या पद्धतीत डीएनएची वेटोळी, प्रथिनांचे रेणू, आपली आकाशगंगा अशी शिल्पं केली. शास्त्रज्ञांनी मोजलेल्या आकड्यांतून ती घडतात. म्हणजे आकड्यांची साठवण आहेच, पण अशी की ती डोळ्यांना कळते. यंत्र लागत नाही.

दुसरे एदुआर्दो काक. मूळ ब्राझीलचे, शिकागोत काम करतात. त्यांच्या एका कलाकृतीचं नाव ‘आदसुम’. या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मी इथं आहे’. एक सेंटिमीटरचा काचेचा घन. त्याच्या पोटात लेसरनं कोरलेल्या थोड्याच खुणा: एक वाळूचं घड्याळ, एक मोठं आणि एक लहान वर्तुळ, आणि अनंताचं चिन्ह. माणसाचा काळ, पृथ्वी, चंद्र आणि न संपणारं असं काहीतरी. चंद्रासाठी म्हणून कल्पिलेला हा तुकडा २०२२च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेला. मी कवी माणूस, मला ती कविताच वाटते. ३६० टेराबाइट मावतील अशा पदार्थात या माणसानं मोजून चार खुणा ठेवल्या. त्याला बहुधा भीती असावी की फार ठेवलं तर वाचणाराला काहीच सापडणार नाही.

आणि इथं आपण माझ्या फ्लॉपीपाशी परत येतो. समजा काच टिकली. एक कोटी वर्षं टिकली. कुणाला तरी ती सापडली. त्याला ती काय वाटेल? पारदर्शक चकती. फार तर बांगडीवाल्याच्या पेटीतला एखादा तुकडा. तिच्या आत काही लिहिलं आहे हे त्याला कोण सांगणार? वाचायचं कसं हे कोण शिकवणार?

हा प्रश्न याआधीही एकदा पडला होता. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉएजर नावाची दोन यानं सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात पृथ्वीवरच्या सत्तावीस संगीतरचना आहेत आणि त्यात गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. केसरबाईंचा आवाज आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडं पोचला आहे. पण तबकडी पाठवणाऱ्यांनी नुसती तबकडी पाठवली नाही. सोबत ती वाजवायची सुई दिली. वेष्टनावर रेषांनी चित्रं कोरली: सुई कुठं ठेवायची, तबकडी किती वेगानं फिरवायची. तिथं भाषा उपयोगाची नव्हती, कारण वाचणारा कोण असेल हेच ठाऊक नव्हतं. म्हणून चित्र.

२०२४ साली साउदॅम्प्टनच्या त्याच मंडळींनी माणसाचा संपूर्ण जनुकीय आराखडा काचेच्या चकतीत लिहिला. ती चकती ऑस्ट्रियातल्या हालस्टाट गावी, मिठाच्या प्राचीन खाणीत ठेवली आहे. तिथं ‘मेमरी ऑफ मॅनकाइंड’ नावाचा संग्रह आहे, भाजलेल्या मातीच्या फरश्यांवर माणसाच्या गोष्टी छापून ठेवणारा. या चकतीवर एक गोष्ट मुद्दाम केली आहे. डोळ्यांना दिसेल अशी एक चित्रमय किल्ली तिच्यावर कोरली आहे. हायड्रोजन, ऑक्सिजन, कार्बन आणि नायट्रोजन ही मूलद्रव्यं, डीएनएचे चार घटक, त्याची वेटोळी शिडी, आणि हे सगळं पेशीत कसं बसतं. १९७२ आणि १९७३ साली पायोनिअर यानांवर स्त्री-पुरुषांची चित्रं असलेल्या पट्ट्या पाठवल्या होत्या, त्यांची आठवण ठेवून ही किल्ली केली आहे.

मला या लेखातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे. फेम्टोसेकंदाचा लेसर हाताशी आहे, एका चकतीत ग्रंथालय मावतं, तरीही शेवटी शास्त्रज्ञांना एक चित्र काढावं लागलं. अनोळखी माणसाला ‘थांब, इथं काहीतरी आहे, आणि ते असं वाचायचं’ एवढं सांगणारं चित्र. शार्त्रच्या खिडकीवाल्यानं, मामलूक दिवेवाल्यानं, काक यांनी जे केलं तेच. माहिती टिकवणं हे तंत्राचं काम. ती कुणाची तरी आहे हे दुसऱ्याला पटवणं, हे कलेचं. पहिलं काम आता बरंचसं साधलं आहे. दुसरं दर पिढीनं नव्यानं करायचं असतं.

माझ्या कपाटाचं पुढं काय झालं ते सांगतो. फ्लॉपीवरच्या कविता भाच्याच्या मुलानं वाचवल्या. त्याला माझं जुनं छापील पुस्तक दिलं. त्यातली एक कविता आणि पडद्यावरचा तोच गोंधळ शेजारी ठेवून आम्ही तीन रविवार बसलो. डॉलर म्हणजे वेलांटी, चौकोन म्हणजे क, टक्का म्हणजे रफार. अशी एक यादी तयार झाली. एकदा यादी झाल्यावर बाकीच्या कविता अर्ध्या तासात सरळ झाल्या. छापील पुस्तक नसतं, तर त्या तशाच राहिल्या असत्या. किल्ली कागदावर होती.

कॅसेटची फीत एका जाणत्या कारागिरानं नव्या डबीत भरून दिली. साठ मिनिटांतली नऊ मिनिटं हाती लागली. ती आता संगणकावर आहेत, दोन ठिकाणी ठेवली आहेत. ईदला सगळे जमले तेव्हा लावली. अम्माचा आवाज आला, मागं जात्याची घरघर आली. मोठी माणसं गप्प झाली. माझ्या नातीनं मात्र विचारलं, ‘‘नाना, ही दादी सारखं हल्लू हल्लू काय म्हणते? हॅलो म्हणते का?’’ पुण्यात इंग्रजी शाळेत शिकणारी पोर. तिला दखनीतला ‘हल्लू’ म्हणजे हळू, हे कोण सांगणार? जात्याचा खुंटा काय असतो, तो धरून गाणं का म्हणायचं, गाण्यात ज्यांची नावं येतात त्या बायका कोण, हे कुठून कळणार? तिच्यासाठी ती नऊ मिनिटं म्हणजे पारदर्शक चकती होती. आवाज शाबूत होता, पण आत काही लिहिलं आहे हे दिसत नव्हतं.

त्या रात्री मी एक वही घेतली. नऊ मिनिटांतला शब्द न् शब्द उतरवला आणि समोरच्या पानावर अर्थ लिहिला. हल्लू म्हणजे हळू. खुंटा म्हणजे काय, त्याचं चित्र काढलं. माझी चित्रकला यथातथाच, पण जातं ओळखू येतं. कोणती आत्या, कोणती मावशी, तेही लिहिलं. खाली लिहिलं, हे गाणारी बाई मणियाराची सून होती, पहाटे उठून दळायची आणि दळताना तिला वाटेल ते गायची.

तुमच्याही कपाटात असं काही असेल. फोटो असतील, ज्यांच्या मागं नावं लिहिलेली नाहीत. मोडीतली पत्रं असतील. मोबाईलमध्ये आजीचा आवाज असेल. ते जपाच, पण त्याच्याजवळ एक चिठ्ठीही ठेवा: हे कोण, कुठलं आणि कसं वाचायचं. पुढं कधी ही सगळी माहिती काचेत जाईल तेव्हा जाईल. चिठ्ठी लिहायला लेसर लागत नाही, आणि ती लिहू शकणारी माणसं आज घरात आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)